तेरेखोलच्या दोन्ही काठांवरची नावं : कुडाळ ते सावंतवाडी, पेडण्यामार्गे

महाराष्ट्र-गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोल नदीच्या अलीकडे ‘वेंगुर्ले’ की ‘वेंगुर्ला’ हा वाद आहे आणि पलीकडे ‘पेडणे’ की ‘पेर्नेम’ हा. पहिला मराठी शुद्धलेखनाचा आणि दुसरा पोर्तुगीज अमदानीचा, असं वरवर वाटतं. खरं तर दोन्ही वाद नावाच्या शेवटच्या एकाच अनुनासिक स्वराचे आहेत. ते पटवून घ्यायचं तर नुसता नकाशा उघडून भागत नाही. कुडाळला रेल्वेतून उतरायचं, वेंगुर्ला, रेडी, तेरेखोल, पेडणे, अस्नोडा, दोडामार्ग, बांदा, आरोंदा असं फिरायचं आणि सावंतवाडीला परतीची गाडी पकडायची, हा त्यासाठी सोयीचा फेरा. दुचाकी असली तर उत्तम, कारण पाटी दिसली की थांबता येतं. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत निघावं. पावसात निम्म्या पाट्या शेवाळानं काळ्या पडतात आणि उरलेल्या रानाआड जातात.

वहीचं पान आडवं धरून सात रकाने आखून घ्यावेत: देवनागरी पाटी, रोमी म्हणजे रोमन लिपीतली पाटी, तोंडी नाव, ‘-ला’ किंवा ‘-क’ लागल्यावरचं रूप, ‘कर’ लावून होणारं आडनाव, महसुली नाव आणि पिनकोड. पाटी म्हणून ग्रामपंचायतीची आणि जिल्हा परिषद शाळेची धरावी. शाळेच्या पाटीवर गाव, वाडी, तालुका असं सगळं एकत्र मिळतं. हॉटेल, रिसॉर्टच्या पाट्या सोडून द्याव्यात, तिथे रंगाऱ्याला जे शोभेल ते लिहिलेलं असतं.

तोंडी नाव काढायची एक रीत आहे. “गावाचं नाव काय?” असं विचारलं की माणूस सावध होतो आणि सरकारी नाव सांगतो. त्याऐवजी एसटीच्या थांब्यावर “ही गाडी खय जाता?” असं विचारावं. “वेंगुर्ल्याक,” असं उत्तर आपसूक येतं आणि चौथा रकाना भरतो. आडनावाचंही तंत्र आहे. ‘कर’ हे गाव सोडून गेलेल्याचं आडनाव, त्यामुळे पेडण्यात पेडणेकर शोधत बसू नये. ते शेजारच्या तालुक्यात, दुकानांच्या पाट्यांवर आणि देवळातल्या देणगीदारांच्या फरशांवर भेटतात. प्रत्येक देवळाची फरशी वाचून काढावी. इतकी आडनावं एका जागी दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

दिवस पहिला : कुडाळ, नेरूर, कोचरे, वेंगुर्ला

कुडाळच्या अलीकडचं स्टेशन ‘सिंधुदुर्ग’. तिथे उतरून किल्ला शोधणारे प्रवासी अजूनही दिसतात. हे स्टेशन ओरोसला आहे, किल्ला मालवणच्या समुद्रात, आणि २०२१ साली सुरू झालेला ‘सिंधुदुर्ग’ विमानतळ परुळ्याजवळ चिपीला. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला, त्याला किल्ल्याचं नाव मिळालं आणि पुढे जिल्ह्याचं म्हणून जे जे झालं त्यालाही तेच लागलं. रिक्षावाल्याला ओरोस, मालवण किंवा चिपी असंच सांगावं.

कुडाळहून पश्चिमेला नेरूर. इथे सहावा रकाना कामाला येतो, कारण कुडाळ तालुक्यात नेरुरं दोन आहेत. कुडाळच्या शेजारचं ‘नेरूर तर्फ हवेली’ आणि पूर्वेला सह्याद्रीच्या बाजूचं ‘नेरूर कर्यात नारूर’. सातबाऱ्यावर ती ‘नेरूर त. हवेली’ आणि ‘नेरूर क. नारूर’ अशी आखडून लिहिलेली असतात. तर्फ आणि कर्यात हे दोन्ही अरबीतून फारसी कारभारात आणि तिथून मोडी दप्तरात आलेले शब्द. तर्फ म्हणजे बाजू, महसुलाचा पोटविभाग. कर्यात म्हणजे खेड्यांचा समूह. हवेली म्हणजे ठाण्याच्या भोवतालचा मुलूख, म्हणून ते नेरूर कुडाळाला चिकटून. ही शेपटी कारकुनी वाटते, पण जमिनीचा उतारा काढताना किंवा फोनवरच्या नकाशावर वाट शोधताना ती गाळली की माणूस नेमका उलट्या दिशेला जातो. बांबर्डे तर्फ कळसुली आणि बांबर्डे तर्फ माणगाव ही अशीच आणखी एक जोडी. ओरोस बुद्रुक आणि खुर्द यांतला थोरला-धाकटा भेदही फारसीच, पण तो घाटावर सगळीकडे आढळतो. तर्फ आणि कर्यात तालुक्यातल्या रोजच्या वापरात अजून जिवंत आहेत, ही खरी कोकणची मजा.

‘नेरूर’ की ‘नेरुर’ यावर वेळ घालवू नये. जुन्या मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा भेद पाळलेलाच नसतो, त्यामुळे तिकडून निकाल लागत नाही. आजच्या नियमानं अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ, म्हणून नेरूर. आणि सामान्यरूपात ऱ्हस्व, म्हणून नेरुरात. पेंडूरचंही तसंच. पेंडूर मालवण तालुक्यातही आहे आणि वेंगुर्ले तालुक्यातही, म्हणून तालुका लिहायला विसरू नये.

परुळ्यावरून कोचऱ्याला उतरावं. नेरूर आणि कोचरे या दोन्ही ठिकाणी बदामीच्या चालुक्यांचे, सातव्या शतकातले ताम्रपट सापडले. इंग्रज पुरालेखकारांनी त्यातल्या एकाचं नाव रोमीत लिहिलं ते ‘कोचरेम’, शेवटी ‘एम’ लावून. हे गाव पोर्तुगिजांच्या ताब्यातलं नव्हे, ही गोष्ट वहीत अधोरेखित करून ठेवावी. म्हणजे ‘एम’ ही निव्वळ पोर्तुगीज हौस नव्हती. ऐकणाऱ्याला तिथे खरोखरच नाकातला स्वर ऐकू येत होता.

पुढे म्हापण, केळूस, दाभोली, वायंगणी. वायंगणीपाशी अडखळायला होत नाही. पावसाळी भात कापल्यावर ओल टिकून राहते अशा सखल शेतात हिवाळ्यात जे दुसरं भात लावतात ते वायंगण, आणि ज्या गावात अशी जमीन ते वायंगणी. म्हणून हे नाव किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा भेटतं. मालवण तालुक्यातही एक वायंगणी आहे. कोकणातल्या नावांचा मोठा हिस्सा असा जमिनीच्या जातीवरून पडलेला आहे: मळा, खाजण, आगर, दांडा, माड. वेंगुर्ल्याला लागूनच उभादांडा आणि पुढे मोचेमाड. अशा नावांना दंतकथेची गरज नसते, आणि बहुधा दंतकथा नसतेही. कथा जुळवली जाते ती ज्या नावाचा अर्थ आता लागत नाही त्याला. वेंगुर्ल्याचं नाव ‘वेंग’ म्हणजे कव या शब्दाशी जोडून सातेरी देवीची कथा सांगतात. कथा म्हणून ऐकावी. व्युत्पत्ती म्हणून वहीत उतरवायची असेल तर पेन्सिलीनं.

वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आहेत. सतराव्या शतकात डचांनी रोमीत ‘विंगुर्ला’ लिहिलं, इंग्रजांनी ‘वेंगुर्ला’. छापील मराठीत ‘वेंगुर्ले’ही आढळतं. यातलं चूक कोणतंच नाही. जुन्या मराठीत नाव नपुंसकलिंगी, ‘वेंगुर्लें’. १९६२ सालच्या लेखननियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले आणि छापील मराठीत ‘वेंगुर्ले’ उरलं. मालवणीत मात्र नपुंसकलिंगी ‘-ें’ हा ‘-ां’ असा बोलतात. पुस्तकातलं ‘केळें’ इथे ‘केळां’ आणि ‘तळें’ इथे ‘तळां’. तसंच ‘वेंगुर्लां’. ते कागदावर आलं, अनुस्वार गळला आणि ‘वेंगुर्ला’ झालं. गल्लत इथे होते, कारण आता ते ‘घोडा’सारखं पुल्लिंगी दिसतं. चौथा रकानाही मदत करत नाही. ‘वेंगुर्ल्याला’ दोन्हींवरून होतं. पाचवा रकाना मात्र बोलतो: आडनाव वेंगुर्लेकर.

दिवस दुसरा : आरवली, शिरोडा, रेडी, तेरेखोल

वेतोबाची आरवली इथली. कोकण रेल्वेवरचं ‘आरवली रोड’ स्टेशन रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यात आहे. ऑनलाइन तिकीट काढणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. वेतोबाला जायचं तर सावंतवाडी किंवा कुडाळ.

शिरोडा हे मिठाच्या सत्याग्रहाचं गाव, १९३० सालचं. मिठागरं गावालगतच आहेत. दुसरं शिरोडा गोव्यात फोंडे तालुक्यात आहे. कुरियर आणि लग्नपत्रिका या दोन शिरोड्यांत सर्रास अदलाबदल होतात, म्हणून पिनकोड पाठ असावा: इथला ४१६५१८, गोव्यातला ४०३१०३. आता पाचवा रकाना भरा. आडनाव शिरोडकर, ‘शिरोडेकर’ नव्हे. दिसायला शिरोडा आणि वेंगुर्ला सारखेच, पण एक मूळचं ‘-ा’ आणि दुसरं मूळचं ‘-ें’. सामान्यरूपात दोन्ही ‘-्या’ होऊन एकमेकांत मिसळतात, आडनावात वेगळी राहतात. ही खूण पुढचे तीन दिवस वापरायची आहे.

रेडी हे या फेऱ्यातलं सगळ्यात जुनं नाव. ऐहोळे इथल्या शके ५५६च्या शिलालेखात चालुक्य राजा मंगलेशानं रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख आहे, आणि ते रेवतीद्वीप म्हणजे हे रेडी, अशी ओळख इतिहासकारांनी लावलेली आहे. रेड्याशी जोडलेली फोड ऐकायला मिळाली तर नम्रपणे मान डोलवावी. आडनाव रेडकर, शेवटची ‘ई’ गळते.

रेडीच्या यशवंतगडाबद्दल इंग्रजी कागद वाचताना मोठा खड्डा आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात या जागेला ‘रायरी’ म्हटलेलं आहे. रायगडाचं जुनं नावही रायरीच. मालवणबरोबर रायरी घेतली असं वाक्य दिसलं की ती रेडी, महाडकडची नव्हे. ‘ड’चा ‘र’ का झाला, ते उद्या पेडण्यात उलगडेल. तिथे तर साऱ्या तालुक्याचं नावच तसं झालं आहे.

रेडीहून पुढे खाणीच्या लाल मातीचा रस्ता आणि मग तेरेखोलचा किल्ला. नदीच्या उत्तर काठावर असूनही हा तुकडा गोव्याचा. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला. नदी ओलांडून हद्द इकडे आली ती तेव्हापासून. पोर्तुगीज कागदांत ‘तिराकोल’, इंग्रजी गॅझेटिअरात ‘तिराकुल’. ‘तीर खोल’ अशी फोड करून दाखवतात. कागदावर ती छान बसते, पण इतकी छान बसणारी फोड बऱ्याचदा मागाहून केलेली असते. नदीचं वरच्या अंगाचं नाव बांद्याची नदी, खालच्या अंगाला तेरेखोल. कोकणातल्या नद्यांना बहुधा एक नाव नसतंच. ज्या गावाजवळून वाहते त्या गावची ती नदी. नकाशानं एक नाव सगळ्या लांबीला लावलं.

किल्ल्याखालून केरीला फेरीबोट जाते. ओहोटीला पाणी उतरलं आणि वाळूचा पट्टा वर आला की ती थांबते, म्हणून भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवावं. फेरी चुकली तर उलटं फिरून आरोंद्याला जायचं आणि किरणपाणीच्या पुलावरून पलीकडे उतरायचं.

दिवस तिसरा : केरी, हरमल, मांद्रे, मोरजी, पेडणे

हा दिवस सावकाश घालवायचा, आठ-दहा गावांच्या वर जाऊ नये. पेडणे महाल १७८८च्या तहानं सावंतवाडीकडून पोर्तुगिजांकडे गेला. त्यामुळे इथल्या नावांचे जुने कागद मोडीत आणि पुढचे रोमीत. १९६१च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, पण रोमी स्पेलिंगं राहिली. देवनागरी पाट्यांतही दोन पद्धती: कोकणीत ‘पेडणें’, मराठीत ‘पेडणे’. १९८७च्या राजभाषा कायद्यानं देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही सोय ठेवली, तेव्हा एकाच चौकात ही दोन्ही दिसली तर रंगाऱ्याला दोष देऊ नये.

रोमी पाटी वाचायच्या किल्ल्या मोजक्याच आहेत. शेवटचा ‘एम’ म्हणजे नाकातला स्वर, ‘म’ नव्हे. ‘ई-एम’ असेल तर ‘-ें’: पेडणें, मांद्रें, पार्सें, तोरसें. ‘आय-एम’ असेल तर बहुधा ‘ई’: केरी, मोरजी, शिवोली, साखळी. ‘एक्स’ म्हणजे बहुधा ‘श’, आणि ‘तोरसे’त ‘स’. ‘क्यू-यू’ म्हणजे ‘क’, म्हणून केरीची सुरुवात रोमीत ‘क्यू’नं. ‘ए-ओ’ म्हणजे गाव, त्याच्या डोक्यावरचा अनुनासिक फराटा छपाईत हरवलेला. ‘ओ’ पुष्कळदा ‘अ’ असतो, कारण कोकणीतला ‘अ’ पोर्तुगीज कानाला ‘ओ’च्या जवळचा लागला, पोरस्कडे रोमीत ‘पोरोस्कोडेम’ झालं ते त्यामुळे. महाप्राण गळतात: धारगळाचं ‘दारगालिम’, थिवीचं ‘तिविम’. ‘सी-एच’ फसवा आहे. डिचोलीत तो ‘च’ आहे आणि शापोऱ्यात ‘श’. ‘चापोरा’ हे रूप रोमीवरून उलटं वाचल्यानं रूढ झालं.

आता प्रत्यक्ष गावं. केरी फेरीच्या धक्क्यालाच लागते. गोव्यात केरी तीन आहेत: ही पेडण्यातली, दुसरी सत्तरीत, तिसरी फोंड्यात. आडनाव तिघींचं एकच, केरकर, त्यामुळे आडनावावरून गाव ठरवायला जाऊ नये. पालयेचं रोमी ‘पालिएम’, आडनाव पालयेकर.

मग हरमल. पोर्तुगीज ‘ह’ उच्चारत नाहीत, म्हणून हरमलचा ‘ह’ गेला, ‘अ’चा ‘ओ’ झाला, ‘म’नंतर एक ‘ब’ शिरला आणि ‘आरांबोल’ झालं. परदेशी पाहुण्यांनी ते जगभर नेलं आणि आता मराठी वर्तमानपत्रंही अधूनमधून ‘अरंबोल’ छापतात. असंच हळर्णचं ‘आलोर्ना’, साखळीजवळच्या हरवळ्याचं ‘आर्वालेम’. रोमीत शब्द ‘ए’नं सुरू होत असेल तर आधी ‘ह’ लावून वाचून पाहावा. प्रत्येक ठिकाणी बसणार नाही, पण बसला तर आडनाव पुरावा देतं. हरमलकर आणि हळर्णकर या दोन्ही आडनावांत ‘ह’ शाबूत आहे. दोन-अडीचशे वर्षांच्या सरकारी लेखनानं जे गाळलं ते घरोघरच्या आडनावांनी धरून ठेवलं.

मांद्रे आणि मोरजी लागोपाठ घ्यावीत, कारण दोघांत फरक नेमका दिसतो. मांद्रें नपुंसकलिंगी: रोमीत ‘ई-एम’, आडनाव मांद्रेकर. मोरजी ईकारान्त: रोमीत ‘आय-एम’, आडनाव मोरजकर. ‘-ें’ आडनावात ‘-े’ होऊन टिकतो, ‘-ी’ गळून जातो. पेडणेकर, पार्सेकर, तुयेकर एका बाजूला. केरकर, साखळकर, रेडकर दुसऱ्या. नकाशाचं ॲप ‘मॉर्जिम’ म्हणतं ते ऐकून ‘म’ लिहिणाऱ्यांनी मोरजकर हे आडनाव एकदा सावकाश उच्चारून पाहावं.

मोरजीहून चोपड्यावरून आगरवाड्याला. आगर म्हणजे मिठागर. शापोरा नदीची खारी पाणथळ शेजारीच आहे. काल शिरोड्यात जे मिठागर पाहिलं तोच शब्द इथे गावाच्या नावात.

संध्याकाळी पेडणे. ‘ड’चा ‘र’ कसा झाला? दोन स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या पोटात आपण ‘ड’ म्हणतो तेव्हा जीभ टाळूला मागे उलटून चटकन सुटते. ज्याच्या भाषेत हा ध्वनीच नाही त्याला तो ‘र’सारखा ऐकू येतो. पेडणे, मडगाव, कुडचडे, कुडतरी या सगळ्यांत रोमीनं ‘आर’ घातला. इंग्रजांनी रेडीचं रायरी केलं तेही याच कानानं. नियम सरसकट मात्र नाही. कुडण्यात आणि गोव्यातल्या शिरोड्यात ‘डी’ तसाच राहिला आहे, कारण लिहिणारा कारकून दर वेळी एकच नव्हता.

दिवस चौथा : हळर्ण, रेवोडा, अस्नोडा, दोडामार्ग

सकाळी शापोऱ्याच्या काठचा हळर्णचा किल्ला पाहून धारगळावरून महामार्गाला लागावं. मोपाचा विमानतळ जवळच. त्याच्या नावावर पुष्कळ चर्चा झाली, पण ‘मोपा’ या दोन अक्षरांना एकाही लिपीनं धक्का लावलेला नाही, म्हणून इथे थांबायचं कारण नाही.

कोलवाळचा पूल ओलांडला की बार्देश. रेवोडा, नादोडा, अस्नोडा अशी तीन गावं, तिन्हींत पोटातला ‘ड’, आणि रोमीत तिन्हींचा ‘र’: रेवोरा, नादोरा, आसोनोरा. काल कळलेला नियम इथे ओळीनं तपासता येतो. शेवट पाहा, रोमीत ‘ए’ आहे, ‘ई-एम’ नाही. आडनावं रेवोडकर, अस्नोडकर. म्हणजे ही शिरोड्याच्या पंगतीतली, मूळची ‘-ा’ असलेली नावं.

यावरून रोमीत ‘ए’ दिसला की मूळ ‘-ा’ असा उलटा नियम करायचा मोह होतो. तो आवरावा. फोंड्याचं पोर्तुगीज रूप ‘पोंडा’, म्हापशाचं ‘मापुसा’, पण कोकणीत ती फोंडें आणि म्हापशें आहेत आणि आडनावं फोंडेकर, म्हापसेकर. म्हणजे ‘एम’ असेल तर नाकातल्या शेवटाची खात्री. नसेल तर आडनावाकडे जायचं. डिचोली तर सगळ्याच नियमांबाहेर: कोकणीत दिवचल, मराठीत डिचोली, रोमीत सुरुवातीला ‘बी’. वहीत तिन्ही लिहावीत आणि पुढे निघावं.

अस्नोड्याहून कासारपाल, वडावल करत दोडामार्ग. इथे हद्द बाजारातून जाते. तालुक्याचं नाव दोडामार्ग, महसुली गाव कसई, आणि नगरपंचायत दोन्ही नावं जोडून ‘कसई-दोडामार्ग’. जमिनीचा उतारा काढताना गावाच्या यादीत ‘द’खाली शोधत राहिलं तर काही मिळत नाही, ‘क’खाली बघावं. वैभववाडीचंही तसंच: मूळ गाव वाभवे, नगरपंचायत वाभवे-वैभववाडी. हद्दीपलीकडे उताऱ्याचं नावही बदलतं. इकडचा सातबारा, तिकडे ‘फॉर्म एक आणि चौदा’, आणि त्यावर गाव रोमी स्पेलिंगनं शोधावं लागतं. म्हणून दुसरा रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

दिवस पाचवा : बांदा, सातार्डा, आरोंदा, सावंतवाडी

बांदा, मडुरा, सातार्डा, आरोंदा. नदीच्या उत्तर काठानं ही माळ लागते आणि सगळी नावं ‘-ा’नं संपतात. आडनावं बांदेकर, सातार्डेकर, आरोंदेकर. म्हणजे ही वेंगुर्ल्याच्या बाजूची, मूळची ‘-ें’ची असायला हवीत. जुन्या मराठी कागदांत ‘सातार्डें’, ‘आरोंदें’ अशी रूपं शोधावीत. छापील कागद १९६२च्या आधीचा असेल तर अनुस्वारासकट मिळण्याची आशा अधिक.

आरोंद्यासाठी कागद धुंडाळायचीही गरज नाही. इंग्रजी इंपीरियल गॅझेटिअरनं गोव्याच्या नद्या मोजताना तेरेखोलला दुसरं नाव दिलं आहे ते ‘औरौंदेम’. नदी ज्या गावाजवळून वाहते त्या गावाची, या इथल्या रीतीनं ती आरोंद्याची नदी, आणि पलीकडच्या लेखनरीतीनं तिच्या शेवटी ‘ई-एम’ आला. आरोंदा हे गाव पोर्तुगीज हद्दीत नाही, म्हणून गावाचं पोर्तुगीज स्पेलिंग सरकारी पाटीवर कुठेच नाही. नदी मात्र हद्दीची, म्हणून तिच्या नावात तो शेवट लिहिला गेला आणि टिकला. अलीकडचं ‘-ा’ आणि पलीकडचं ‘एम’ एकाच नावावर एकत्र बघायला मिळण्याची ही जागा. किरणपाणीच्या पुलावर उभं राहून दोन्ही काठांच्या पाट्यांचे फोटो घ्यावेत, सकाळच्या उजेडात. दुपारी उत्तरेकडची पाटी चमकते.

आरोंद्याहून मळेवाडमार्गे सावंतवाडी. बोलण्यात तिला नुसतं ‘वाडी’ म्हणतात. कोकणात प्रत्येक गावाच्या डझनभर वाड्या असतात, तरी “वाडीक जातंय” म्हटलं की ती एकच. जुन्या कागदांत ‘सुंदरवाडी’ दिसली तर तीही हीच. इंग्रजी गॅझेटिअरात सावंतवाडी ‘व्ही’नं, आजच्या पाट्यांवर ‘डब्ल्यू’नं, संगणकावर शोधताना दोन्ही टाकून पाहावं.

स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. म्हणून त्याचं नाव ‘सावंतवाडी रोड’. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ जोडलेलं असलं की गाव तिथून दूर आहे असं समजायचं: राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड. रात्रीच्या गाडीला शहरातून रिक्षा आधी ठरवून ठेवावी, आणि रिक्षावाल्याला ‘मळगाव स्टेशन’ सांगावं.